शेवटचं पान

एका राज्यात, जिथे साळुंक्या माणसांशी बोलत आणि त्याचं कुणाला नवल वाटत नसे, तिथे एक रीत होती. पंगत गरिबाची असो की राजाची, शेवटी केळीचं एक पान जास्तीचं मांडायचं, न बोलावता येणाऱ्यासाठी. राजा चंडकेतू लढाई जिंकून आला आणि त्याला नसतं शहाणपण सुचलं. "ज्याला बोलावलंच नाही, त्याचं पान कशाला? उचला!" पान उचललं गेलं आणि नेमका तेव्हाच भुकेला मांत्रिक कराळदत्त दारात उभा राहिला.

"राजा, तू माझं एक पान उचललंस. तुझ्या राज्यात ज्याला ज्याला पान म्हणतात, ते सारं मी उचललं."

झालं! झाडं उघडीबोडकी झाली. पोथ्यांच्या नुसत्या फळ्या उरल्या. विड्याच्या तबकात काथ आणि सुपारी एकमेकांची तोंडं बघत बसली. पंगतीला लोक जमिनीवरचा भात गोळा करू लागले. एवढ्यावर भागलं असतं, पण राणी खोकून खोकून अंथरुणाला खिळली. वैद्यबुवा हात चोळत म्हणाले, "अडुळशाचं पान मिळालं, तरच राणीसाहेब वाचतील."

राजकन्या कुमुदिनी उठली. पदरात भाकरी बांधून मांत्रिकाच्या डोंगराकडे निघाली. खांद्यावरची साळुंकी म्हणाली, "वाटेत तिघं भेटतील. जे हवं असेल ते दे."

पहिला भेटला म्हातारा वड. "बाळ, ऊन सोसवत नाही." तिने आपला शेला त्याच्या फांद्यांवर पसरला. वडाने पारंबी खाली सोडून तिला कड्यावर चढवलं. तिथे जोगीण बसली होती. "माझ्या पोथीची सगळी पानं गेली, राजकन्ये. एक कहाणी ऐकव." आईने लहानपणी सांगितलेली कहाणी कुमुदिनीने सांगितली. सांगताना तिच्या मनात आलं, केवढं दिलं होतं आईने, आणि आपण तिला तसं कधी म्हटलंसुद्धा नाही! जोगिणीने डोळे पुसले, खडकावर टिचकी मारली आणि खडक दुभंगला.

आत मांत्रिक कुलूपबंद पेटीवर बसला होता. पोट खपाटीला गेलेलं.

"महाराज, पेटी उघडा. माझी आई वाचू द्या."

"मुली, हे कुलूप आता मलाही उघडत नाही. त्या दिवसापासून मला कुणी जेव म्हटलेलं नाही. जा परत."

त्याने काहीच मागितलं नाही. साळुंकीही गप्प. कुमुदिनीला स्वतःला कडकडून भूक लागली होती. तिने भाकरी सोडली, कुस्करली आणि ओंजळ पुढे केली.

"तुमचं पान आमच्याकडून राहिलं. मांडायला पान नाही, म्हणून हातावर वाढते. जेवा, महाराज."

मांत्रिक तिच्या ओंजळीतून जेवला. जेवता जेवता रडला. "पोट भरलं, पोरी," तो म्हणाला, आणि कुलूप आपोआप गळून पडलं.

पानं थव्याने घरोघरी परतली. काढा पिण्याआधी राणीने अडुळशाचं पान डोळ्यांना लावलं. ती हिंडूफिरू लागली, तेव्हा राजाने सगळ्या राज्याला जेवण घातलं. मांत्रिकाला मानाने बोलावून त्याने स्वतः वाढलं आणि हात जोडले, "चुकलो. तुमच्यामुळे रीत कळली."

मांत्रिक शेजारच्या रिकाम्या पानाकडे बघत होता. "मी तर आलो. मग हे कुणाचं?"

"ज्याला आज बोलावलं नाही, त्याचं," कुमुदिनी म्हणाली, आणि तिने त्या पानावर भात वाढला.