व्हॅनमधले विरजण

एकदा एक शिष्या आपल्या गुरुजींच्या दारी एक व्हॅन घेऊन आली आणि म्हणाली, "गुरुजी, हिची तहान कमी करायची आहे. मी सगळं करून बघितलं. आता तुम्ही बघा."

गुरुजी म्हणजे घाटाखालच्या त्या गावातले निवृत्त विज्ञानशिक्षक. शिष्येचे नाव हेमांगी. त्यांच्याच वर्गात शिकलेली, पुढे पदवी घेतलेली आणि आता चार वर्षांच्या सावनीची आई. सावनीला जन्मतः ऐकू येत नव्हते. गेल्या वर्षी तिला श्रवणयंत्र बसवले आणि जगाचे आवाज तिच्यापर्यंत पोचू लागले. शब्द मात्र अजून तिच्या ओठांवर आले नव्हते. त्यासाठी घाट चढून शहरातल्या केंद्रात जावे लागे. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावले होते, "यात खंड पडू देऊ नका हं." आणि नेमका खंड पडू लागला होता. व्हॅन जुनी. घाटात ती पेट्रोल प्यायला लागली की काट्याकडे बघवत नसे. आठवड्याला तीन खेपा व्हायच्या, त्या दोनवर आल्या. आता दोनाची एक होईल आणि त्या न झालेल्या खेपांबरोबर मुलीचे शब्दही कुठेतरी राहून जातील, या धास्तीने हेमांगीला घास गोड लागत नसे.

शिकलेल्या माणसाला धास्ती वाटली की तो वाचायला लागतो. हेमांगीनेही वाचले. परदेशातली माणसे घरच्या घरी आपल्या गाड्या कशा बदलतात, कमी इंधनात जास्त अंतर कसे काटतात, हे सगळे तिने मोबाईलवर पाहून घेतले आणि कंबर कसली. टपावरचा कॅरिअर उतरवला. मागचे आसन काढून माळ्यावर टाकले. तळाची जाड मॅट भिजलेल्या गोधडीसारखी जड, म्हणून तीही गेली. पुढच्या जाळीतून वारा आत शिरून अडतो असे वाचले होते, म्हणून जाळीवर पुठ्ठा बसवला. तळाखालून वारा सुळकन निघून जावा म्हणून कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स गाडीच्या पोटाला ताणून बांधला. तिथेही वारा अडू नये म्हणून चाकांवर ॲल्युमिनियमच्या पराती चढवल्या. मागच्या बाजूला निमुळते शेपूट हवे होते, तर गणपतीच्या मखराचा थर्माकोल होताच घरात.

नवरा दारात उभा राहून हे पाहत होता. तो म्हणाला, "चाकंही काढ ना. मग पेट्रोलच लागायचं नाही."

"तुला थट्टा सुचतेय."

"थट्टा नाही गं. आरती कधी करायची, तेवढं सांग."

तर अशी ती व्हॅन गुरुजींच्या अंगणात उभी होती. गुरुजींनी तिला सावकाश एक प्रदक्षिणा घातली. वाकून पोटाखालच्या पुढाऱ्याचे दर्शन घेतले. परातीवर टिचकी मारून पाहिली. हेमांगी पदराशी चाळा करीत उभी होती. वर्गात उत्तरपत्रिका तपासून होईपर्यंत उभी राहायची, अगदी तशीच.

"मेहनत पुष्कळ केलीस," गुरुजी म्हणाले. "फरक पडला?"

"थोडासा. म्हणजे, पडायला हवा होता तितका नाही. माझंच काहीतरी चुकत असणार."

"उद्या जाणार आहेस ना शहरात? मी येतो बरोबर."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी आले ते हातात दुधाचे भांडे घेऊन. दूध कोमट होते आणि भांड्याच्या तोंडाला पांढरे फडके बांधलेले होते.

"हे काय, गुरुजी?"

"दही लावलंय. आत्ताच विरजण घातलं."

"गाडीत?"

"दुपारपर्यंत लागेल की," गुरुजी म्हणाले आणि उघड्या पत्र्यावर पाट टाकून, मांडीशी भांडे घेऊन बसले. शेजारी आपल्या छोट्या खुर्चीत पट्ट्याने बांधलेली सावनी. ती एकदा भांड्याकडे आणि एकदा या गुरुजी-आजोबांकडे पाहत राहिली.

आता वयोवृद्ध माणसाला 'हा काय प्रकार' असे विचारता येत नाही. हेमांगीने गाडी सुरू केली. तळाला मॅट नसल्यामुळे इंजिनाचा घरघराट आणि पत्र्याचा खडखडाट थेट आत घुमू लागला. सावनीने सवयीने हात वर नेला, कानामागचे यंत्र काढले आणि आजोबांच्या हातात ठेवले. गुरुजींनी ते नीट रुमालात गुंडाळले.

वाटेत हेमांगीचे दोन उद्योग चालू होते. एक, उशीर होऊ नये म्हणून मोकळा रस्ता दिसला की गाडी दामटायची आणि वळण आले की करकचून ब्रेक मारायचा. दुसरा, आरशातून सावनीला शिकवायचे. "साऊ, ते बघ काय? गाय. म्हण, गा-य. म्हण ना बाळा, एकदाच म्हण." आणि पोरीचा चेहरा पडला की लगेच, "बरं राहू दे, राहू दे. नको म्हणूस." यंत्र काढून ठेवलेय हे धांदलीत तिच्या लक्षातही आले नाही. प्रत्येक ब्रेकला भांड्यात डचमळल्याचा आवाज येई आणि मागून गुरुजींचा शांत स्वर, "हळू."

अर्ध्या घाटात इंजिनाच्या उष्णतेचा काटा लालीवर गेला आणि पुढून वाफ येऊ लागली. हेमांगीने गाडी कडेला घेतली. गुरुजी उतरले आणि जाळीवरचा पुठ्ठा काढून तिच्या हातात दिला.

"ज्यांच्याकडे बर्फ पडतो, त्यांच्या गाडीला शाल लागते गं. आपल्या गाडीला वारा लागतो."

"मी वाचलं होतं, गुरुजी..."

"वाचलंस ते खरंच होतं. कुणासाठी लिहिलंय, तेवढं वाचायचं राहिलं."

इंजिन थंड होईपर्यंत थांबावे लागले आणि त्या दिवशी केंद्रातला निम्मा तास बुडाला. परत येताना हेमांगीने तो बुडालेला वेळ रस्त्यावर भरून काढायचा प्रयत्न केला. घरी पोचून फडके सोडले, तर आत पिवळसर पाणी आणि त्यात तरंगणाऱ्या गुठळ्या.

"मोडलं," हेमांगी ओशाळून म्हणाली.

"ताक होईल त्याचं. पुढच्या खेपेला पुन्हा लावू. फक्त भांड्याखाली काहीतरी मऊ हवं. ती मॅट कुठे टाकलीस?"

"ती जड आहे, गुरुजी."

"मग भांडं तुझ्या डोक्यावर देऊ का?"

मॅट परत आली. मग गुरुजींचे गुडघे कुरकुरू लागले, म्हणून माळ्यावरचे आसनही परत आले. हेमांगीला मनातून राग येत होता. एकेक जिन्नस जिवावर उदार होऊन उतरवावा आणि या म्हाताऱ्या माणसाने आपल्या दह्यासाठी तो पुन्हा चढवावा! रागाबरोबर तिला आपली लाजही वाटत होती. ज्यांनी फुकट शिकवले, त्यांना एक आसन द्यायला आपण का कू करतो आहोत. एकाच वेळी रागवायचे आणि लाजायचे, हे तिला छान जमत असे.

त्या खेपेला गाडी आतून बरीच शांत होती. तरी हेमांगीची धावपळ जुनीच. घाट उतरून खाली आल्यावर गुरुजींनी गाडी कडेला घ्यायला लावली. पुढच्या चाकाची परात काढली आणि म्हणाले, "इथे हात जवळ ने. लावू नकोस, भाजेल."

हेमांगीने हात नेला. चाकातून तव्यासारखी धग येत होती.

"ही कशाची आच?" गुरुजींनी विचारले. वर्गात विचारीत तसेच.

"ब्रेकची. घासून तापलाय."

"बरोबर. आणि ही ऊब आली कुठून?"

हेमांगीने हात मागे घेतला. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "माझ्या टाकीतून."

"तिथूनच. आधी पेट्रोल जाळून गाडीला पळवतेस आणि मग तोच वेग घासून घासून पुसून टाकतेस. घाट चढायला लागलेलं पेट्रोलसुद्धा उतरताना असंच चाकांत जाळलंस. गाडी वजन वाहून दमली नाही, पोरी. कॅरिअर काढलास, उत्तम केलंस. तो रिकामाच होता आणि वारा अडवत होता. पण या मॅटशिवाय तुझी मुलगी कानातलं यंत्र काढून ठेवते, हे पाहिलं होतंस?"

हेमांगीने चमकून मागे पाहिले. सावनी आसनावर बसून खिडकीबाहेर पाहत होती. यंत्र तिच्या कानामागे होते. आणि आपण यापूर्वी कितीदा त्या उघड्या कानाला 'म्हण, म्हण' केले, हे तिला आठवले.

"साऊला शब्दांकडे नेण्यासाठी मी गाडी हलकी केली," ती म्हणाली, "आणि तिचा कानच बंद केला. कसली आई मी!"

"घाबरलेली," गुरुजी म्हणाले. "वाईट नव्हे, घाबरलेली. त्यात फरक असतो. भीती माणसाला एकदा पुढे ढकलते, एकदा मागे खेचते. अंतर तेवढंच कापलं जातं आणि आतलं सगळं संपून जातं. म्हणून मी भांडं आणलं. तुझा पाय काय करतो, ते काट्यापेक्षा दूध लवकर सांगतं. आणि दुधाचं म्हणशील, तर त्यात विरजण पडलं की आपल्याकडे कामं दोनच उरतात. ऊब राखायची आणि हलवायचं नाही. लागलं का, लागलं का, म्हणून दर घटकेला चमचा घालणाऱ्याचं दही कधी लागत नाही. विरजण घालून झालंय, हेमांगी. चांगलं घातलंयस."

ते दह्याविषयी बोलत होते की कशाविषयी, हे हेमांगीने विचारले नाही. तिने परात चाकावर चढवली नाही, तेवढेच. ती परात घरी गेल्यावर कणीक मळायच्या कामी आली.

त्यानंतर हेमांगी गाडी निराळ्या तऱ्हेने चालवू लागली. वळण दुरून दिसले की पाय आधीच उचलायचा. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये गाडीला तिच्या चालीने येऊ द्यायचे. मागून ट्रकवाला भोंगा वाजवून गेला, तर जाऊ द्यायचा. चाकांत हवा नीट ठेवायची. सुरुवातीला तिला वाटे, आपण फारच रेंगाळतो आहोत. पण केंद्रात पोचायला पूर्वीपेक्षा काही मिनिटेच जास्त लागत आणि पेट्रोलचा काटा मात्र परतीच्या वाटेवरही अजून धीर धरून असे. मखराचे शेपूट एका गतिरोधकावर आपणहून गळून पडले. फ्लेक्स सोडून अंगणातल्या लाकडांवर घातला. कमी झालेल्या खेपा एकेक करून परत सुरू झाल्या. हे सगळे झाले, तरी सावनी बोलली नाही. हेमांगीने आरशातून विचारणे मात्र थांबवले. ते पाय उचलण्याहून अवघड होते. जीभ सारखी पुढे येई, तेव्हा ती रस्त्यावर दिसेल त्याचे नाव स्वतःशीच घेई, गाणे म्हटल्यासारखे. "गाय चालली. बाई चालली. शेळी कुठे चालली?" उत्तर मागायचे नाही.

एका दुपारी ती तिघे घाट उतरत होती. गुरुजींच्या शेजारी भांडे, भांड्यावर फडके आणि फडक्यावर सावनीचा चिमुकला तळवा. दह्याची राखण हल्ली तिच्याकडे होती. पुढे रस्त्याला नवा खड्डा पडला होता. हेमांगीला तो जरा उशिरा दिसला. गाडी किंचित आदळली.

मागून आवाज आला, "हऊ."

गुरुजींचा नव्हता.

'हळू'च होते ते. हा शब्द कुणी शिकवला नव्हता. तो नुसता इतके दिवस या गाडीत बोलला गेला होता. तिच्या ओठांवर अगदी आले होते, 'काय म्हणालीस? परत म्हण, साऊ, परत म्हण!' गाडी थांबवावी, मुलीला उचलून घ्यावे, केंद्रात फोन करावा, नवऱ्याला सांगावे. आरशात सावनी तिच्याकडे पाहत होती, भुवया आक्रसून, भांड्यावरचा हात घट्ट धरून. गुरुजी मुद्दाम खिडकीबाहेर पाहत होते.

हेमांगीने पाय उचलला.

"हो गं राणी," ती म्हणाली. "चुकलं माझं."

आणि गाडी उताराला आपल्या चालीने जाऊ दिली. डोळ्यांतले पाणी पुसायला तिने हातही उचलला नाही. वळणे होती.

घरी पोचल्यावर तिने फडके सोडून पाहिले. मधे दही धरले होते, पण कडेला अजून थोडे पाणी होते. तिने गुरुजींकडे पाहिले.

"लागतंय," गुरुजी म्हणाले, आणि भांडे पुन्हा झाकून ठेवले.