आतून लिंपलेले दार

घाटाच्या कुशीतल्या एका जंगलात, जुन्या बेहड्याच्या झाडावर, धनेश पक्ष्यांचे एक कुटुंब राहत असे. धनेश तुम्ही पाहिला आहे का, बाळांनो? अंगाने घारीएवढा, आणि चोच अशी मोठी नि बाकदार, की देवाने घाईघाईत दुसऱ्याच कुणाची लावून दिली की काय, असे वाटावे. या घरात आई होती, बाबा होते आणि गेल्या साली जन्मलेली एक लेक होती.

आता या घराची रीत ऐका. चैत्र लागला, की आई झाडाच्या ढोलीत जाऊन बसे. ढोलीचे तोंड चिखलामातीने लिंपले जाई आणि एक बारीकशी फट तेवढी उघडी राही. आत आई अंडी उबवी, पिल्ले वाढवी; बाहेरून बाबा दिवसभर फळे आणून त्या फटीतून देत. पिल्लांना जरा बळ येईपर्यंत आई काही बाहेर पडत नसे. आजीच्या आजीपासून हे असेच चालत आलेले.

लेकीला मात्र या रितीची फार लाज वाटे. कारण ती शाळेत जात होती ना! त्या घरातून शाळेत गेलेली ती पहिलीच. ओढ्याकाठच्या मोठ्या उंबरावर भारद्वाज गुरुजींची शाळा भरे. सकाळी तांबट पक्षी 'टुक् टुक् टुक्' अशी घंटा देई, की वरच्या फांद्यांवर मोठा वर्ग बसे आणि खाली खोडाच्या ढोलीत बालवर्ग. बालवर्गातली पिल्ले अजून उडत नव्हती. त्यांचे आईबाप चाऱ्याला गेले, की दिवसभर ती शाळेच्याच भरवशावर. लेकीला शाळा फार आवडे. वाऱ्याची दिशा, ढगांची नावे, दूरच्या डोंगरांच्या वाटा, सारे ती एकदा ऐकले की विसरत नसे. फक्त मधली सुट्टी तिला नकोशी वाटे.

"काय गं," वर्गातला पोपट हटकून विचारी, "तुझ्या बाबांनी आईला अजून कोंडूनच ठेवलंय का?"

"आणि तेही चिखलानं! शी गं बाई!" मैना नाक मुरडे.

"चिखल कसला? त्यात आणखी काय काय कालवतात, ते विचार तिला!" असे म्हणून पोपट फांदीवर गडबडा लोळे.

लेक मान खाली घाली. मनात म्हणे, 'शाळा सांगते, बघा आभाळ केवढं मोठं आहे. आणि घर सांगतं, दार लिंपून घ्या. मी मोठी झाले, की हे असलं काही करणार नाही.'

आणि मोठे होण्याचा दिवस तर जवळच आला होता. वैशाखी पौर्णिमेच्या दुपारी दरीतून एक वारा सुटे. त्या वाऱ्यावर मोठा वर्ग दरी ओलांडून पलीकडच्या कड्यावर जाई. जो पोहोचला, त्याला तिथे बसलेल्या थोरांच्या रांगेत जागा मिळे. याला म्हणत भरारी. ती वर्षातून एकदाच. लेकीने या दिवसासाठी पहाटे उठून पंख बळकट केले होते. डोळे मिटले तरी तिला तो कडा दिसे.

भरारीच्या आदल्या दिवशी मात्र आक्रीत घडले. उंबराच्या खोडावर खरखर वाजले. पाहतात तो काय, एक भली थोरली घोरपड नखे रोवत वर येत होती! तिने सरळ बालवर्गाच्या ढोलीत तोंड घातले. पिल्लांनी एकच कालवा केला. मोठा वर्ग धावला. मैनेने तिच्या डोक्यात टोचले, पोपटाने शेपूट ओढली, गुरुजींनी पंखांनी झोडपले. शेवटी घोरपड खाली उतरली; पण जाता जाता जीभ लपलपवत म्हणाली, "ओरडा, ओरडा! मी तर आज नुसती जागा बघायला आले होते. उद्या तुम्ही सगळे दरीपलीकडे जाणार ना? मग मी निवांत जेवायला येते."

गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "उद्याची भरारी राहू द्या. आपण पहारा देऊ. पण किती दिवस देणार? डोळा लागला की संपलं. पिल्लांना उचलून नेता येत नाही, आणि त्यांना उडता येत नाही..." पोपट ढोलीच्या तोंडाशीच बसून होता. त्याची धाकटी बहीण त्याच ढोलीत होती.

लेक घरी निघाली. वाटेत तिच्या मनात एक विचार असा लख्ख आला, की ती एका फांदीवर थबकलीच. 'घोरपडी तर आमच्या बेहड्यावरही चढतात. मग आमच्या घरात आजवर एकही कशी शिरली नाही?'

ती ढोलीपाशी आली, तेव्हा बाबा फटीतून आईला उंबरे देत होते. लेकीने धापा टाकतच सारे सांगितले आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही आईला कसं कोंडलंत, ते मला शिकवा."

बाबांच्या चोचीत उंबरे गच्च भरलेली. ते नुसतेच "हूं! हूं हूं!" करून मान हलवू लागले. आत आईला हसू फुटले.

"अगं, त्यांना काय विचारतेस? त्यांनी कुठं कोंडलंय मला? ही भिंत मी लिंपली. आतून. माझ्या चोचीनं."

"तू?" लेक फटीला डोळा लावून बघतच राहिली. "मला वाटलं..."

"त्यांनी माती तेवढी आणून दिली. तीसुद्धा पहिल्यांदा अशी भुसभुशीत आणली, की मी परत पाठवली."

बाबांनी एक उंबर कसेबसे गिळले आणि म्हणाले, "दोनदा पाठवली!"

"मग आई, तुला हवं तेव्हा बाहेर येता येईल?"

"एका दणक्यात. चोच कुठं गेलीय माझी? पण मी आत राहायचा नेम धरलाय ना, बाळ. ही पिल्लं आहेत तोवर." मग आईने समजावून सांगितले. ओढ्याची चिकण माती घ्यायची, त्यात पिकल्या उंबराचा गर. "आणि ढोलीतली घाणही कालवायची. नाक मुरडू नकोस. वाळली की तीच दगडासारखी धरते. फट ठेवायची ती चोचीचं टोक बाहेर निघेल एवढीच. घास आत येतो, पंजा येत नाही."

"मी उद्या सकाळीच बाहेरून छान लिंपते!"

"बाहेरून लावलेलं बाहेरूनच उकरून निघतं गं. आत चोच हवी. ओलं आहे तोवर दाबत राहायला, आणि कुठं खपली पडली तर लगेच भरायला."

बालवर्गाच्या चोची इवल्याइवल्या. आत जाणार कोण, हे लेकीला कळले. "आई," ती कातर आवाजात म्हणाली, "उद्या भरारी आहे."

फटीतून आईने एक लांब काळे पीस बाहेर सरकवले. "हे माझं उडायचं पीस. ढोलीत बसले की सगळी झडतात. पहिल्या वेळी मी फार रडले होते. पण पुन्हा येतात, बाळ, आधीपेक्षा चांगली येतात. तू जा किंवा जाऊ नकोस, मी काही सांगणार नाही. दुसऱ्याच्या सांगण्यावरून धरलेला नेम अर्ध्यावर मोडतो."

लेकीने ते पीस चोचीने हलकेच परत आत सरकवले. मग तिने आईच्या चोचीला चोच लावली आणि उडाली.

पौर्णिमेची सकाळ झाली. लेकीने सगळ्या शाळेसमोर आपल्या घरची रीत सांगितली. पहिल्यांदाच, मान वर करून. घाण कालवायची म्हटल्यावर बालवर्ग खिदळायला लागला. मैनेने सवयीने नाक मुरडले.

"म्हणजे तू स्वतःला कोंडून घेणार?" पोपटाने विचारले. आज त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"कोंडून नाही. लिंपून घेणार," लेक म्हणाली. "माती आण बघू. भुसभुशीत आणलीस तर परत पाठवीन!"

मग काय विचारता! सारी शाळा ओढ्यावर पळाली. कुणी माती आणली, कुणी उंबरे, मैनेने तर नको ती घाणही चोचीतून उचलून दिली आणि नंतर ओढ्यावर जाऊन कितीदा तोंड धुतले. लेक पिल्लांसह ढोलीत शिरली. ज्या चोचीला सगळे हसत, ती चोच आता थापीसारखी सपसप फिरत होती. ऊन माथ्यावर येईतो ढोलीचे तोंड बंद झाले. एक फट तेवढी राहिली.

इतक्यात दरीतून वारा सुटला. भरारीचा वारा! गुरुजी फटीपाशी आले. "बाळ, आम्ही कुणीच जात नाही. इथंच थांबतो."

"नको गुरुजी, जा तुम्ही," आतून लेक म्हणाली. "तुम्हाला पाहिलं तर घोरपड आज लपून राहील आणि उद्या येईल. तिला एकदाची येऊन जाऊ द्या."

"माझी बहीण आत आहे," पोपट म्हणाला.

"मीही आहे ना तिच्याजवळ. जा रे!"

थोड्या वेळाने पंखांचा सळसळाट झाला आणि तो दूर दूर गेला. आभाळात चाललेल्या आपल्या वर्गाचा आवाज लेक अंधारात बसून ऐकत होती. तिचे पंख आपोआप उघडू लागले. तिने ते घट्ट मिटून घेतले आणि पिल्लांना पोटाशी ओढले.

खर्र... खर्र... घोरपड आली!

"अरे वा, दार लावलंय!" ती फिस्कारली आणि भिंतीवर नखे ओढू लागली. वरची माती वाळली होती, ती हलेना. पण खालचा कोपरा अजून ओला होता. तिथली खपली पडली आणि एक नख आत आले. पोपटाची बहीण किंचाळली.

"रडायचं नाही! सगळ्यांनी पाठ लावा भिंतीला!" लेकीने त्या नखावर असा टोला हाणला, की ते झटक्यात मागे गेले. लगेच तिने माती भरली, चोचीने दाबली. पिल्लांनी आपल्या चिमुकल्या पाठी टेकवल्या. घोरपड पुन्हा पुन्हा उकरी, लेक पुन्हा पुन्हा लिंपी. लेकीची मान भरून आली, चोच बधिर झाली, पण ती थांबली नाही.

शेवटी घोरपड चिडली. आत आहे तरी कोण, हे चाचपायला तिने फटीतून आपली लांब जीभ आत घातली. तेवढीच चूक झाली! स्वयंपाकघरात आई तापलेले पातेले सांडशीने कसे धरते? तश्शी लेकीने ती जीभ चोचीत धरली. गच्च!

"थोड! थोड मला!" घोरपड बोबडी ओरडू लागली.

लेकीला तर बोलता येत नव्हते. पण पोपटाची बहीण पुढे झाली. "आधी सांग, पुन्हा येशील?"

"नाही येनाल! थपथ थांगते, नाही येनाल!"

लेकीने चोच उघडली. मागे रेटा देऊन ओढणारी घोरपड खोडावरून सुटली, ती थेट खाली खाजकुयलीच्या जाळीत धपकन पडली. अंग खाजवत, लोळत, पुन्हा उठून खाजवत ती जी पळाली, ती त्या उंबराकडे फिरकली नाही. ढोलीत पिल्ले अशी ओरडली, की दरीपलीकडच्या कड्यावर बसलेल्या मोठ्या वर्गालाही ऐकू गेले.

आता लेक बाहेर आली असती, तर कुणी तिला नावे ठेवली नसती. पण नेम तिचा स्वतःचा होता. पिल्लांना पंख फुटेपर्यंत आत राहीन, असे तिने मनाशी ठरवले होते, तशी ती राहिली. पिल्लांचे आईबाप फटीतून त्यांना चारा देत आणि पोपट रोज पहिले पिकले उंबर लेकीला आणून देई. गुरुजी फटीपाशी बसून धडा शिकवीत. एक एकादशी गेली, दुसरी गेली. लेकीचीही उडायची पिसे झडली आणि त्या जागी नवी आली. मग एका सकाळी पोपटाच्या बहिणीने ढोलीतल्या ढोलीत भिरभिर पंख हलवले आणि ती म्हणाली, "ताई, मला वाटतं, मी उडतेय!"

लेकीने एक दणका दिला. भिंत कोसळली. उजेड आत आला.

गुरुजी वारा पाहून म्हणाले, "भरारीचा वारा केव्हाच गेला, बाळ. आज तर समोरून येतोय. पुढल्या साली बघू."

"समोरून येऊ दे, गुरुजी. माझे पंख रुंद आहेत," लेक म्हणाली, आणि पिल्लांकडे वळली. "माझ्या मागे मागे, आडोशाला राहा. दमलात तर हाक मारा."

तिने दरीवर झेप घेतली. वारा छातीवर आदळला, पण तिच्या पंखांचा धीरगंभीर घोष थांबला नाही. तिच्या मागे सारा बालवर्ग ओळीने निघाला. कुणी हेलपाटले, कुणी खाली गेले आणि पुन्हा वर आले, पण एकही मागे राहिले नाही. पलीकडच्या कड्यावर ती टेकली आणि मागोमाग पिल्लांचा नुसता पाऊस पडला!

थोरांच्या रांगेतले सगळे पक्षी आपण होऊन सरकले आणि मधोमध जागा झाली. पिल्लांमागून आलेल्या गुरुजींचे डोळे भरून आले होते. ते म्हणाले, "या दरीवरून मी पुष्कळ विद्यार्थी आणले. पण अख्खा वर्ग घेऊन आलेली विद्यार्थिनी मात्र ही पहिलीच."

तात्पर्य : घरची रीत टाकण्याआधी ती कुणी आणि कशासाठी धरली, हे समजून घ्यावे. आपल्या मनाने, दुसऱ्याच्या भल्यासाठी धरलेला नेम पंख बांधत नाही, उलट त्यांना बळच देतो.