पलंगाखालची एक्स्प्रेस

एका गावात एक भोळा सभासद होता. तसे त्या बोरखेडी गावात सभासद पुष्कळ होते. कोणी पतपेढीचे, कोणी भजनी मंडळाचे, कोणी नुसतेच सभासद. पण भोळा हा एकच. नाव सोपान, वय चाळिशीचं, काम पिठाच्या गिरणीत. आणि सभासद तो ‘बोरखेडी लघुरेल्वे मंडळा’चा.

हे मंडळ काढलं केसकरकाकांनी. काका निवृत्त स्टेशनमास्तर. जन्मभर गाड्या पुढे पाठवल्या, आणि निवृत्त झाल्यावर घरात पुढे पाठवायला काही मिळेना. काकूंना पाठवून पाहिलं, त्या गेल्या नाहीत. तेव्हा काकांनी विजेवर चालणारी एक छोटी आगगाडी केली. तिच्यासाठी टेबलावर अख्खं बोरखेडी स्टेशन उभारलं. टेकडी आणि बोगदा निमकरबाईंनी केला. बाई निवृत्त चित्रकला शिक्षिका. खऱ्या बोरखेडीत टेकडी नाही आणि बोगदाही नाही, पण बोगद्याशिवाय रेल्वेला शोभा नाही असं त्यांचं मत होतं. काम झालं की त्या दोन पावलं मागे सरकायच्या, मान तिरकी करायच्या आणि म्हणायच्या, “किती खरं वाटतंय.”

मंडळाच्या नोंदणीला सात जण लागतात. शहाणे सहा मिळाले. सातवा सोपान.

आता खऱ्या बोरखेडीची एक गंमत सांगायला हवी. तिथे एक्स्प्रेस थांबत नाही. रोज दुपारी धुरळा उडवते आणि निघून जाते. ती थांबवून दाखवीन, एवढ्या एका वचनावर आबासाहेब ढोबळे तीनदा नगराध्यक्ष झाले होते. गाडी काही थांबली नव्हती, त्यामुळे चौथ्यांदा निवडून यायलाही अडचण नव्हती. टेबलावरच्या बोरखेडीत मात्र काकांनी बटण दाबलं की एक्स्प्रेस थांबायची. त्यासाठी निवडणूक लागत नव्हती.

एरवी सुटी करून ठेवलेल्या या रेल्वेचा मुक्काम काकांच्या पलंगाखाली. तिच्यामुळे काकूंची ट्रंक गच्चीवर गेली होती आणि लोणच्याच्या बरण्या देवघरात. शेवटी काकूंनी सांगून टाकलं, “प्रदर्शनाला न्यायची तर न्या. परत आणू नका. परत आणलीत तर पलंगाखाली ती राहील, पण घरात मी राहणार नाही.”

काका हादरले. ते आबासाहेबांकडे गेले आणि नगरपरिषदेचा जुना वाचनालयाचा हॉल मागितला. हॉल रिकामाच होता. बोरखेडीत वाचनालय बंद पडल्याचं वाचकांना अजून कळलं नव्हतं. आबासाहेब म्हणाले, “रविवारी उद्घाटनाला येतो. आवडलं तर हॉल कायमचा तुमचा. नाही आवडलं तर उचला आपलं चंबूगबाळं.”

झालं. सगळं आबासाहेबांच्या आवडीवर आलं. मंडळाची गाडी हॉलमध्ये नेली आणि तयारी सुरू झाली.

पहिल्या दिवशी काकांनी सोपानला बोलावलं. “सोपान, प्रदर्शन आहे. सगळं कसं स्वच्छ पाहिजे.”

“बरं काका.”

सोपाननं बादली आणली, साबण आणला आणि मालगाडीचे सगळे डबे घासून काढले. डबे लखलखले. बाई आल्या आणि मटकन खाली बसल्या. त्या डब्यांवरचा गंज, तेलाचे ओघळ, कोळशाची काजळी हे सगळं त्यांनी बारीक कुंचल्यानं महिनाभर खपून रंगवलेलं होतं.

“अरे, ती घाण मुद्दाम लावलेली असते,” काका म्हणाले. “खरी गाडी कधी नवीकोरी दिसते का? इथे नवंकोरं काही दिसता कामा नये. जरा धूळ, जरा गंज, दोन डाग. तरच खरं वाटतं.”

“बरं काका. लक्षात ठेवीन.”

आणि त्यानं लक्षात ठेवलं. शहाण्या माणसाला सांगितलेलं तो विसरतो, हा केवढा मोठा उपकार असतो ते मंडळाला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी आबासाहेबांना बसायला सोफा आला. काकूंनी माहेरच्या पांढऱ्याशुभ्र चादरी त्यावर घालायला दिल्या होत्या. गाडी कायमची जाणार म्हटल्यावर त्या चादरीसुद्धा द्यायला तयार झाल्या होत्या. सोपाननं सोफा पाहिला. नवाकोरा. त्यानं चहाचा चोथा आणला, चुलीतली राख आणली, गंजलेले खिळे भिजवलेलं पाणी आणलं आणि संध्याकाळपर्यंत बसून मन लावून काम केलं. पाठीला काजळी, हातांना तेलाचे ओघळ, बसायच्या जागी दोन डाग.

काका सोफ्याकडे बघतच राहिले. बाईंनी सवयीनं मान तिरकी केली, पण वेळीच तोंड आवरलं.

“सोपान, पाहुण्यांच्या वस्तूंना हात लावायचा नाही,” काका दात ओठ खात म्हणाले. “तुझं काम टेबलावरचं. फलाटावरची माणसं बघ. गाडी गेली की धक्क्यानं आडवी होतात. टेबलावर जे जे सुटं दिसेल ते गोंदानं चिकटव. त्यापलीकडे काही करू नकोस.”

“बरं काका. लक्षात ठेवीन.”

तिसऱ्या दिवशी काका आले तेव्हा फलाटावरची माणसं ताठ उभी होती. हमाल चिकटला होता, भजीवाला चिकटला होता. काकांचा चष्मा टेबलावर राहिला होता, तो टेकडीच्या पायथ्याशी चिकटला होता. अर्धा कप चहा होता, तो बशीला आणि बशी शेताला चिकटली होती. काकांनी सगळं गिळलं आणि गाडीचं बटण फिरवलं. इंजिन नुसतंच गुरगुरलं.

“हिलासुद्धा?”

“सुटी होती, काका.”

गाडी रुळांवरून सोडवायला चार सभासदांना कानस घेऊन बसावं लागलं. ते चौघे त्यानंतर कशालाही हात लावेनासे झाले. काका मात्र अजून शिकवायला थकले नव्हते. स्टेशनमास्तरचा पिंड.

“सोपान, नीट ऐक. चालणारी वस्तू चिकटवायची नसते. जे चालतंय त्याला चालू द्यायचं. त्याला अडवायचं नाही, धरायचं नाही.”

“बरं काका. लक्षात ठेवीन.”

चौथ्या दिवशी गाडी चालवून बघायची होती. काका बटणापाशी बसले, बाई बोगद्यात रंग देत होत्या आणि सोपान दारात उभा होता. एवढ्यात समोरून शेजारच्या मेहबूबभाईंची शेळी आली. सोपाननं तिच्याकडे पाहिलं. ती चालत होती. तो बाजूला झाला.

बाईंनी टेकडीवरचं जंगल वाळवलेल्या बाभळीच्या शेंड्यांचं केलं होतं. पायथ्याला मेथी पेरून खरीखुरी हिरवळ उगवली होती. शेळी टेबलावर चढली. पहिल्यांदा तिनं मेथी संपवली. मग जंगल संपवलं. मग भजीवाल्याची चव बघितली, पण तो चिकटवलेला असल्यामुळे वाचला. बोगद्यातून बाईंनी डोकं बाहेर काढलं तेव्हा त्यांच्या टेकडीचा माळ झाला होता.

बाई रडल्या. खरंच रडल्या. काका त्यांची समजूत घालत बसले आणि मग सोपानकडे वळले. त्यांचा आवाज आता खाली आला होता, आणि तेच जास्त वाईट होतं.

“सोपान, मी छत्तीस वर्षं रेल्वेत काढली. फाटक कशासाठी असतं? गाडी चालू आहे म्हटल्यावर फाटक बंद. मग समोर कोणी येवो. हॉर्न वाजवू दे, शिव्या देऊ दे. गाडी निघून गेल्याशिवाय उघडायचं नाही. मंत्री येवो नाहीतर शेळी येवो, रेल्वे फरक करत नाही. कळलं?”

“कळलं काका. लक्षात ठेवीन.”

रविवार उजाडला. सोपानला आत ठेवायची कोणाचीच छाती नव्हती. तेव्हा त्याला हॉलच्या आवाराच्या लोखंडी फाटकावर उभं केलं. शोभा यावी म्हणून काकांनी आपल्या नोकरीतल्या दोन झेंड्या त्याच्या हातात दिल्या, एक लाल आणि एक हिरवी. सोपानला इतका आनंद झाला की तो दोन्ही झेंड्या एकदम हलवायला लागला.

आत काका जुना गणवेश घालून बटणापाशी उभे राहिले. गणवेशाचं वरचं बटण लागत नव्हतं, पण खालचं लागत होतं. त्यांनी बाईंना बजावलं, “आबासाहेब आत पाऊल टाकतील तेव्हा एक्स्प्रेस धावताना दिसली पाहिजे. ते आत आल्याशिवाय गाडी थांबवायची नाही.” चौघे सभासद नाश्त्याची व्यवस्था बघत होते. म्हणजे नाश्ता करत होते. ध्वनिफितीवर स्टेशनचा गलका लागला, शिट्ट्या लागल्या आणि गाडी गोल गोल धावायला लागली.

बाहेर आबासाहेबांची मोटार आली. फाटक बंद होतं.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. सोपाननं हॉलच्या खिडकीतून आत पाहिलं. “गाडी येतेय साहेब. गेली की उघडतो.”

गाडी फलाटावरून धडधडत गेली आणि बोगद्यात शिरली. “गेली,” म्हणत सोपाननं कडीला हात घातला. तेवढ्यात ती बोगद्याच्या दुसऱ्या तोंडातून बाहेर आली. सोपाननं हात काढून घेतला.

आबासाहेबांनी काच खाली केली. “अरे, काय झालं?”

“गाडी येतेय साहेब.”

“आत्ताच गेली म्हणालास ना?”

“गेली. पण परत येतेय.”

“मग कधी जाणार ती?”

“जातेच आहे साहेब. प्रत्येक वेळी जाते.”

ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. आत बाईंनी मान तिरकी केली. त्यांना वाटलं, ध्वनिफीत आहे. “काका, फाटकाशी मोटारी खोळंबल्याचा आवाजसुद्धा घातलाय तुम्ही. किती खरं वाटतंय.”

काकांनी असं काही घातलं नव्हतं. पण कौतुक होत असताना माणूस चौकशी करत नाही. ते नुसते हसले.

बाहेर मोटारीमागे दोन रिक्षा लागल्या, मग दुधाची गाडी लागली. बोरखेडीकरांना फाटकाशी थांबायची सवय असते. इंजिनं बंद झाली, काकडीवाला आला, दोन जणांनी स्कूटरी आडव्या घालून फाटकाखालून जातात का ते पाहिलं. आबासाहेबांनी घाम पुसला.

“अरे, मी कोण आहे माहीत आहे का तुला?”

“नगराध्यक्ष.”

“मग?”

“काकांनी सांगितलंय, मंत्री असो की शेळी, सोडायचं नाही.”

“मी मंत्री नाही आणि शेळीही नाही.”

सोपाननं यावर प्रामाणिकपणे विचार केला. नगराध्यक्ष या दोघांच्या मध्येच कुठेतरी बसत असणार, असं त्याला वाटलं. त्यानं फाटक बंद ठेवलं.

आबासाहेबांनी मोटार वळवायला सांगितली. जाताना ते म्हणाले, “सांग तुझ्या काकांना, हॉल विसरा.”

नाश्ता संपवून बाहेर आलेल्या सभासदानं हे ऐकलं आणि धावत आत जाऊन सांगितलं. काकांच्या डोळ्यांसमोर पलंग आला, काकू आल्या, काकूंची बांधलेली ट्रंक आली. “बाई, बटणापाशी बसा,” एवढं बोलून ते फाटकाकडे पळाले.

“अरे कर्मदरिद्र्या, गाडी कोणासाठी चालवतोय आपण? पाहुण्यांसाठी ना? पाहुणे फाटकाशी खोळंबलेले दिसले तर आधी गाडी थांबवायची आणि मग फाटक उघडून त्यांना मानानं घेऊन यायचं. धाव आता, गाठ त्यांना.”

“बरं काका. लक्षात ठेवीन,” असं म्हणून सोपान झेंड्या घेऊन धावत सुटला.

रस्ता रेल्वेच्या खऱ्या फाटकावरून जातो. दुपारची वेळ. एक्स्प्रेस यायची म्हणून ते फाटक पडलेलं होतं आणि त्याच्याशी आबासाहेबांची मोटार आणि तिच्यामागे मघाचीच सगळी रांग उभी होती. सोपान धापा टाकत पोचला. त्यानं पाहिलं. पाहुणे फाटकाशी खोळंबलेले. लांबून गाडी येतेय.

काकांनी इतकं स्पष्ट सांगितलेलं काम त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं. तो फाटकाखालून वाकून गेला, रुळांच्या मधोमध उभा राहिला आणि त्यानं लाल झेंडी दाखवली.

एक्स्प्रेस किंचाळत, ठिणग्या उडवत बोरखेडीला थांबली.

मग पहिल्यांदा सावरले ते आबासाहेब. तीन निवडणुकांचा अनुभव असा वाया जात नाही. ते मोटारीतून उतरले, रूळ ओलांडून पहिल्या डब्याच्या पायरीवर चढले आणि दोन्ही हात वर करून म्हणाले, “बोरखेडीकरांनो, दिलेला शब्द पाळला.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकडीवाला डब्यात शिरला. बाकीचेही शिरले, कुठे जायचं ते न विचारता.

आबासाहेबांचं भाषण संपेपर्यंत रेल्वे पोलीस आले आणि सोपानला घेऊन गेले. झेंड्या काकांच्या म्हणून मागोमाग काकांनाही घेऊन गेले. आबासाहेबांनी त्याच पायरीवरून जाहीर केलं, की या ऐतिहासिक विजयाची आठवण म्हणून वाचनालयाचा हॉल आजपासून ‘एक्स्प्रेस थांबा विजय समिती’ला कायमचा देण्यात येत आहे. समितीचे अध्यक्ष ते स्वतः.

चौकीतल्या साहेबांनी सोपानला विचारलं, “गाडी का थांबवलीस?”

“पाहुणे खोळंबले होते. काकांनी सांगितलं, आधी गाडी थांबव.”

साहेबांनी काकांकडे पाहिलं. काकांनी गणवेशाचं खालचं बटणही सोडलं. “सोपान,” ते म्हणाले, “यापुढे मी सांगितलेलं काहीही करायचं नाही.”

सोपान पहिल्यांदाच गप्प राहिला. हे करायचं की नाही, ते त्याला ठरवता येईना.

दिवे लागल्यावर दोघांना सोडलं. काका तसेच हॉलवर गेले. गाडी आता पलंगाखाली न्यायची आणि काकूंना काय सांगायचं याचा विचार करतच त्यांनी दार ढकललं, आणि तिथेच उभे राहिले.

भोळा सभासद एकच, असं मघाशी सांगितलं, ते मी मागे घेतो.

आत एक्स्प्रेस गोल गोल धावत होती. निमकरबाई बटणापाशी ताठ बसून होत्या. पाहुणे आत आल्याशिवाय गाडी थांबवायची नाही असं काकांनीच त्यांना सांगितलं होतं, आणि पाहुणे आले नव्हते. दुपारपासून धावून धावून इंजिन लाल झालं होतं. त्यातून काळा धूर निघत होता आणि बोगद्यानं पेट घेतला होता. पलंगाखाली नेण्यासारखं आता फारसं काही उरणार नव्हतं.

बाईंनी मान तिरकी केली.

“काका, बघा तरी,” त्या म्हणाल्या. “किती खरं वाटतंय.”