कोलंबसावरचा खटला

आमच्या आश्रमशाळेत गोडांबे सरांनी वर्गातच कोलंबसावर खटला भरला. पोरंच वकील, पोरंच साक्षीदार. नेमके तेव्हाच संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब आले. त्यांच्या आधी त्यांची मिशी वर्गात शिरते म्हणतात!

"एवढ्या थोर शोधकावर खटला?" ते कडाडले. "शोध म्हणजे काय, ते तरी सांगा कुणी! नाहीतर सरांची नोकरी गेली समजा."

ठाकरवाडीची चांगुणा उठली. "तात्यासाहेब, आमचा धबधबा तुम्ही शोधलात ना? वाट माझ्या आज्यानं दाखवली. आता तिथं तुमच्या नावाची पाटी हाय, फाटक हाय, आन् फाटकावर आज्यालाच हटकतात. शोध म्हंजे तुम्हाला गावलं, की आमचं हरवतं."

अट तात्यासाहेबांनीच चारचौघांत घातली होती आणि उत्तर मिळालं, म्हणून सरांची नोकरी वाचली.

फाटक मात्र आज्यासाठी अजून उघडलेलं नाही.