बागेत न दिसणारी कोठी

भिवरगडच्या रणधवल महाराजांचा पाय बागेतल्या दंताळ्यावर पडला, दंताळ्याचा दांडा उसळला आणि थेट राजकपाळावर बसला. जन्मात एकही लढाई न लढलेल्या महाराजांना अखेर कपाळावर मिरवायला एक टेंगूळ मिळालं. दंताळ्याला हद्दपार करून समाधान होईना, म्हणून त्यांनी येसबा माळ्याला बोलावलं.

"आठ दिवसांत बागेत अवजारांची कोठी झाली पाहिजे," महाराज गरजले. "पण ती मला दिसता कामा नये. तिच्यापायी वीतभर नवी जमीन अडता कामा नये, एक झाड तुटता कामा नये, आत पावसाचा थेंब जाता कामा नये. आणि मी मागेन ते अवजार दहा आकडे मोजायच्या आत माझ्यासमोर आलं पाहिजे. नाही जमलं, तर बागेतलं घर रिकामं करून चालू लागा."

येसबाच्या तोंडचं पाणी पळालं. बागेच्या कोपऱ्यातल्या त्या दोन खणांच्या घरात त्याच्या तीन पिढ्या नांदल्या होत्या. घरी येऊन तो आढ्याकडे बघत बसला, तो जेवायलाही उठेना.

त्याची सून हौसा चुलीपुढं भाकरी थापत होती. सासऱ्याकडं बघून तिला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. आदल्या संध्याकाळी त्याच दंताळ्यानं पेरू पाडून दंताळं वाटेत टाकून जाणारे स्वतः महाराजच होते, हे तिनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण राजानं टाकलेली वस्तू टाकलेली नसते, ती माळ्यानं उचलायची राहिलेली असते.

"मामंजी, जेवून घ्या," ती म्हणाली. "घर सोडायचंच झालं, तरी उपाशीपोटी कशाला सोडायचं?"

दुसऱ्या दिवशी सल्ला द्यायला सगळा दरबार बागेत उतरला. प्रधानजींनी चंदनाचं कपाट सुचवलं. ते तर कोसावरून दिसलं असतं. सेनापतींनी भुयार सुचवलं. पावसाळ्यात त्यात मासे पाळता आले असते. मग सुतं आणि काठ्या घेऊन मंडळींनी सहा दिवस बाग मोजली आणि मोजता मोजता शेवंतीचे सगळे वाफे तुडवून टाकले. कोठी काही मिळाली नाही, पण सगळे दमले मात्र खूप.

हौसा पाणी देता देता सगळं बघत होती. मंडळींनी झुडपं धुंडाळली, विहिरीत डोकावून पाहिलं, माकडासारखी आंब्यावर चढली. एकाच जागेला मात्र ही मंडळी लांबून हात जोडून वळसा घालत होती. बागेच्या मधोमध, चारी वाटा मिळतात तिथं, कौलारू मंडपात महाराजांचा सागवानी मंचक होता. त्याची जरीची झालर पार जमिनीला टेकलेली. महाराजांशिवाय कोणी त्या मंचकाला हात लावायचा नाही आणि त्याच्यासमोर आलं की जमिनीला बोटं टेकवून नमस्कार करायचा, असा रिवाज होता. झाडलोटीला तेवढी हौसाला मुभा होती, कारण धूळ रिवाज पाळत नव्हती.

आठव्या दिवशी संध्याकाळी महाराज मंचकावर येऊन बसले. येसबा बाजूला उभा होता.

"कुठं आहे कोठी?"

"झाली, महाराज," हौसा पुढं होऊन म्हणाली. "परवापासून वापरातही आहे."

दरबाऱ्यांनी पुन्हा बाग पालथी घातली. हाती काही लागलं नाही.

"आता तूच दाखव," महाराज म्हणाले.

"दाखवली तर दिसेल की, महाराज. दिसता कामा नये, ही तर आपलीच अट."

"थापा मारतेय," प्रधानजी म्हणाले. "अवजारं बागेबाहेर नेऊन ठेवली असणार."

"मग मागून बघा. आकडे प्रधानजींनीच मोजावेत."

"खुरपं!" महाराज म्हणाले.

"एक, दोन..."

हौसानं रिवाजाप्रमाणे वाकून जमिनीला बोटं टेकली. ती उठली तेव्हा तिच्या हातात खुरपं होतं.

"कोयता!"

ती वाकली आणि कोयता घेऊन उठली. कुदळीच्या वेळी प्रधानजींनी घाईघाईनं मोजलं, तरी सहाच्या पुढं जाता आलं नाही. झारी मागितली तर झारी आली, तीही भरलेली.

महाराजांना राहवेना. ते मंचकावरून उतरले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं झालर उचलली. आत फळ्यांवर सगळी अवजारं नीट लावून ठेवली होती. हद्दपार केलेलं ते दंताळंसुद्धा होतं.

"माझ्या खाली?"

"आपली नजर बागभर फिरते, महाराज. आपण बसता त्याच्या खाली तेवढी जात नाही. ही जागा आधीच आपण अडवलेली, मी नवी वीतभरही घेतली नाही. आणि आपल्या डोक्यावर जे छप्पर गळत नाही, ते अवजारांवर कशाला गळेल?"

"राजाच्या आसनाखाली ही मातकट अवजारं!" प्रधानजी लाल झाले. "हा धडधडीत अपमान आहे."

"राज्याची गादी तरी कशावर टेकलीय, प्रधानजी?" हौसा म्हणाली. "कुदळ-फावड्यावरच ना? इथं ते झालर उचलली की दिसतं, एवढंच."

महाराजांनी कपाळावरचं टेंगूळ चाचपलं.

"ते दंताळं त्या दिवशी वाटेत टाकलं कोणी?"

"पेरू पाडायला नेलं होतं कोणीतरी, महाराज. पेरू गोड निघाला का, ते त्यांनाच विचारायला हवं."

महाराज पोट धरून हसत सुटले. "फार गोड होता!" हसू आवरत ते म्हणाले. "येसबा, ते घर आजपासून तुमचं, पिढ्यान्‌पिढ्या. आणि हौसा, या बागेत आता तुझा हुकूम चालेल. अगदी माझ्यावरसुद्धा. बोल, पहिला हुकूम काय?"

दरबाऱ्यांनी तुडवलेल्या शेवंतीकडं हौसानं पाहिलं.

"प्रधानजी," ती अदबीनं म्हणाली, "मंचकाला नमस्कार करायचा राहिला तुमचा."

प्रधानजी रिवाजाप्रमाणे वाकले. उठले तेव्हा त्यांच्या हातात खुरपं होतं.