उरलेली पत्रावळ

एकदा काय झालं, समुद्राच्या अगदी कडेला एक गाव होतं. तिथं द्वारकाबाई राहायची. तिची लेक शेवंती तापातून उठली, पण अन्नाला शिवेना. दिवसेंदिवस सुकत चालली. मग द्वारकाबाईनं गावदेवीला कौल लावला. देवीनं पत्रावळींचा गठ्ठा पुढ्यात ठेवला नि म्हणाली, "बाई, प्रत्येक जीवकुळाला एक पान वाढ. पान उरलं नाही, की लेक जेवेल. झाडांना बोलावू नकोस, ती उन्हावर जगतात. ज्याला दुसऱ्याकडचा घास लागतो, तो आपल्या पंगतीतला."

मग द्वारकाबाई रानोमाळ, बिळोबिळी अक्षत देऊन आली. पहिल्या दिवशी पाठीत मणके असणारे आले, बरं का! मासे घंगाळात बसले. बेडूक आला, तो पाण्यातलाही नि जमिनीवरचाही. खवल्यांचा साप आला, पिसांचा बगळा आला, गाय आली. वटवाघळीण पाखरांत बसायला निघाली, तर द्वारकाबाई म्हणाली, "तू लेकराला दूध पाजतेस ना? मग गाईशेजारी बस हो."

शेजारच्या भीमाकाकू कुंपणावरून ओरडल्या, "अगो द्वारके, सापाला पाट मांडलास! मी आले तर कुठं बसवशील?"

"मुंगूसही आलंय, काकू. दोघांच्या मध्ये बसा!"

पण व्रताच्या पंगतीत वैर नसतं. सगळी गुण्यागोविंदानं जेवली.

दुसऱ्या दिवशी मणके नसणारे आले. केवढे हो ते! अंगण पुरेना. गांडूळ आलं. गोगलगाय घर पाठीवर घेऊन आली. मुंगी, कोळी, खेकडा, सगळे सांध्यासांध्यांच्या पायांचे. भरतीबरोबर तारामासा आला, पाण्यासारखी आरपार दिसणारी जेलीफिश आली. भीमाकाकूंनीसुद्धा हात जोडले.

तिसऱ्या दिवशी पाहते तर एक पत्रावळ उरलेली! द्वारकाबाईनं हाका मारल्या. कुणी येईना. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ओट्यावर निजलेली शेवंती हळूच म्हणाली, "आई, ज्याला चालताच येत नाही, तो कसा येईल गं?"

मग लेकीला कडेवर घेऊन, पेजेची वाटी नि पत्रावळ घेऊन ती ओहोटीच्या खडकांवर गेली. एका डबक्यात खडकाला चिकटलेला पिवळा स्पंज होता, समुद्रातलाच एक जीव. त्याला झाड समजून तिनं अक्षत दिलीच नव्हती. ना डोळे, ना पाय, ना तोंड. तिनं पत्रावळ पाण्यावर ठेवली, शेजारी चमचाभर पेज सोडली. आणि काय नवल! अंगभर बारीक बारीक भोकं, त्यांतून ते पांढरं पाणी आत गेलं, नि वरच्या मोठ्या भोकातून नितळ होऊन बाहेर आलं.

"चुकले रे बाबा," म्हणत द्वारकाबाईनं खडकाला डोकं टेकलं.

शेवंती टक लावून बघत राहिली. मग म्हणाली, "आई, त्याला तोंडसुद्धा नाही, तरी जेवतोय. मला तर तोंड आहे. मला दे ना पेज."

उरलेली वाटी तिनं तिथंच चाटूनपुसून संपवली.

तशी सगळ्यांच्या घरची लेकरं जेवोत, नि अंगणातल्या मुंगीलाही घास मिळो. आता स्पंजानं भरतीचं पांघरूण ओढलं असेल. तुम्हीही शिरा पाहू गोधडीत.