दस्तगीरमिस्त्रींची दांडी

शिंगट्यांच्या गॅरेजात व्हॉल्व्ह घासायचं मशीन आलं. एक नारळ मशीनपुढं फुटला आणि दुसरा दस्तगीरमिस्त्रींना मिळाला.

मिस्त्रींनी जाताना फक्त आपली दांडी उचलली. टोकाला रबराची वाटी असलेली ही दांडी व्हॉल्व्हला चिकटवायची आणि ताक घुसळावं तशी दोन्ही तळव्यांत फिरवत राहायची, व्हॉल्व्ह आपल्या जागी घट्ट बसेपर्यंत. उभा जन्म त्यांनी तेच केलं होतं.

"ठेव ती खाली!" पूजेला आलेल्या पाहुण्यांदेखत मालक तात्यासाहेब शिंगटे गरजले. "इथं आलास तेव्हा जे घेऊन आला होतास, तेवढंच घेऊन जायचं. बाकी सगळं गॅरेजचं."

मिस्त्रींनी दांडी निमूटपणे टेबलावर ठेवली आणि घट्टे पडलेले हात पुढं पसरले.

"कबूल, मालक. मी आलो तेव्हा हे तळवे मऊ होते, पाठ सरळ होती आणि दोन्ही कानांनी ऐकू येत होतं. तेवढं माझं मला द्या, निघतो मी."

पाहुण्यांच्या हातातले पेढे हातातच राहिले. तात्यासाहेब मान फिरवून काहीतरी पुटपुटले.

मिस्त्रींनी कानामागं हात धरला. "जरा मोठ्यानं बोला, मालक. हा कान तुमच्याकडंच राहिलाय."